लिनिया टी-जेट ट्रॅकसाठी : टर्बो कोणता बसवावा?

लाल_लिनिया (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची फियाट लिनिया टी-जेट. रांजणगावच्या कारखान्यातून निघाली, वडिलांनी आठ वर्षं चालवली, मग माझ्याकडे आली. गेली तीन वर्षं ती रस्त्यावर धावत नाही. मागची सीट, गालिचे, दारांचं अस्तर सगळं काढलं, रोल केज बसवला, सस्पेन्शन आणि ब्रेकचं काम झालं. वर्षातून दोन-तीनदा फ्लॅटबेडवर घालून बाराशे किलोमीटरवर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला नेतो, जमलं तर एकदा चेन्नईच्या ट्रॅकवर. इंजिनाला मात्र आजवर हात लावला नव्हता.

मागच्या खेपेला चौथ्या सेशननंतर टर्बोची (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) शिट्टी बदलली. आधी बारीक सूर यायचा, तो जाडाभरडा झाला आणि अॅक्सिलरेटर सोडला की मागून निळसर धूर. घरी आणून उघडला. वर्तमानपत्रावर ठेवून शाफ्टचं टोक दोन बोटांत धरलं तर तो खाली-वर हलत होता, आणि कंप्रेसरच्या पात्यांची टोकं घराला घासून आरशासारखी चमकत होती. म्हणजे टर्बो बदलणं आलंच. बदलायचाच आहे तर विचार करून बदलू, म्हणून हा धागा.

समोर तीन पर्याय आहेत. पहिला, गॅरेट कंपनीचा जीटी१४४६, जो युरोपात याच १.४ इंजिनाच्या अबार्थ (फियाटची वेगवान शाखा) गाड्यांना लागायचा. दुसरा, नाना पेठेतल्या ओळखीतून एक वापरलेला, बराच मोठा जीटी२८६० मिळतोय, त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) नवा बनवून घ्यावा लागेल. तिसरा, आहे त्याच आयएचआय कंपनीच्या टर्बोच्या घरात मोठं चाक बसवून हायब्रीड करून घ्यायचा, भोसरीत एक जण करून देतो म्हणतात. मित्रांचं म्हणणं जीटी२८६० घे, एकदाच काय तो खर्च कर. डोकं भणाणून गेलंय. सगळं धरून दीड लाखाच्या आत बसवायचं आहे. कृपया मार्गदर्शन करा.

शेवटचा_लॅप

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पुंटो आहे, त्यामुळे उत्तरं मलाही हवी आहेत.

भोसरीचा_लेथ

भाऊ, गाडी जिवापाड जपलीये हे लिहिण्यावरून कळतंय. पण टर्बोचं नाव घेण्याआधी चार गोष्टी सांगा. पेट्रोल कोणतं घालता? इंजेक्टर आणि पंप मूळचेच आहेत का? बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब), इनटेकचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) तापमान, तेलाचं तापमान यांचं काही लॉगिंग आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कारीला तुमचा वेळ नक्की कुठे जातो, सरळ पट्ट्यात की वळणातून बाहेर पडताना?

लाल_लिनिया

दादा, पेट्रोल जे मिळेल ते. पुण्यात प्रीमियम घालतो, कोइम्बतूरला ट्रॅकजवळ साधं ई२० (२० टक्के इथेनॉलचं) सुद्धा घालावं लागलंय. इंजेक्टर, पंप, गिअरबॉक्स सगळं मूळचं. गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटवरून थोडं लॉगिंग केलंय. तिसऱ्या-चौथ्या लॅपला इनटेकचं तापमान ७५ च्या पुढे जातं आणि गाडी एकदम मरगळते. तेलाचा वेगळा गेज बसवला आहे, त्यावर १३४ पाहिलं आहे.

वेळ कुठे जातो हे खरं तर कधी नीट पाहिलं नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री जुने व्हिडिओ काढून बसलो. हळू वळणातून बाहेर येताना तिसरा गिअर, इंजिनाचे मिनिटाला साधारण ३२०० फेरे. तिथे गाडी ठीक ओढते. ४८०० नंतर काहीच उरत नाही, नुसता आवाज. पाच हजारांच्या पुढे काटा कसाबसा चढतो आणि मी गिअर बदलून मोकळा होतो.

भोसरीचा_लेथ

हेच ऐकायचं होतं. तुमचा आजार खालच्या फेऱ्यांचा नाही, वरच्या फेऱ्यांचा आहे. आता डायनोवाली ताई आल्या तर गणित त्यांनी सांगावं, माझ्यापेक्षा नीट सांगतील.

डायनोवाली

आले. मी इंजिनांच्या टेस्ट सेलमध्ये काम करते, रोजचा संबंध डिझेलशी असला तरी कंप्रेसरला इंधन कोणतं याच्याशी देणंघेणं नसतं. सविस्तर लिहिते, कारण या एका मुद्द्यावर लोकांचे पैसे पाण्यात जाताना फार पाहिलेत.

आधी तुमच्या गाडीचे मूळ आकडे बघा. टी-जेटचं टॉर्क २०७ न्यूटन मीटर, तेही २२०० फेऱ्यांना. ताकद ११४ पीएस, ५००० फेऱ्यांना. आता ५००० फेऱ्यांना ११४ पीएस म्हणजे तिथे टॉर्क किती उरला? हिशेब केला तर १६०. म्हणजे २२०० ला असलेला २०७ चा जोर पाच हजारांपर्यंत १६० वर आलेला असतो. छोटा टर्बो आहे, लवकर जागा होतो, पण वर त्याचा दम तुटतो. तुम्ही व्हिडिओत पाहिलंत ते हेच.

आता उलट विचार करा. टॉर्क अजिबात वाढवला नाही, तोच २०७ नुसता ६००० फेऱ्यांपर्यंत टिकवला, तर ताकद किती होईल? १७७ पीएस. कनेक्टिंग रॉडवर, क्लचवर, गिअरबॉक्सच्या दातांवर येणारा जोर जवळपास तेवढाच, आणि हातात साठ पीएस जास्त. दिवसभर टिकायला हव्या असलेल्या गाडीत याच्यासारखा सौदा नाही.

हे माझं डोक्यातलं नाही, कंपनीनेच करून दाखवलंय. तुमच्याच रांजणगावातून पुढे १२५ पीएसची लिनिया निघाली, टॉर्क २०८. त्याच्या आधी २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली, १४५ पीएस, टॉर्क २१२. तेच १३६८ सीसीचं इंजिन. ताकद ११४ वरून १४५ आणि टॉर्क फक्त पाचाने वाढलं. वाढलेलं सगळं वरच्या फेऱ्यांत मिळवलेलं आहे.

तर तुमचं लक्ष्य १७५ धरू आणि त्याला हवा किती लागते ते काढू. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, म्हणून ६००० फेऱ्यांना १.३६८ लिटर गुणिले ३०००, म्हणजे मिनिटाला ४१०४ लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ९० टक्के धरा, ३६९० लिटर. हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये १.१ बार बूस्ट आणि हवा ६० अंशांवर असेल तर हे वजन होतं मिनिटाला साधारण ७.९ किलो. जुन्या मापात साडेसतरा पौंड. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ नियम असा की मिनिटाला एक पौंड हवेला दहा हॉर्सपॉवर. म्हणजे १७५. जुळलं.

आता पुण्याची गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब १.०१ बार नसतो, ०.९५ च्या आसपास असतो. फिल्टरमध्ये थोडा जातो, कंप्रेसरच्या तोंडाशी ०.९२ उरतो. इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) होणारी दाबाची घट धरून कंप्रेसरला २.१५ बार बाहेर टाकायचे असतील तर गुणोत्तर २.३४ होतं. चेन्नईत मॅनिफोल्डमध्ये तेवढाच दाब ठेवायचा तर हेच गुणोत्तर २.१९. म्हणजे तीच ताकद पुण्यात काढताना टर्बोला जास्त फिरावं लागतं. या आकाराचे टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतात, तिथे हा फरक लहान नाही. कोइम्बतूर चारशेच्या वर आहे, म्हणजे तेही पुण्याच्याच पंक्तीत. टर्बो निवडताना कंप्रेसर मॅपवरचा (हवा आणि दाब यांचा आलेख) बिंदू इथल्या हवेने काढा, युरोपातल्या कोणा अबार्थवाल्याच्या डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावरून नको.

मॅपवर हा बिंदू कुठे पडतो त्यावर तापमान ठरतं. ३० अंशांची हवा २.३४ पट दाबली आणि कंप्रेसर ७२ टक्के कार्यक्षम असेल तर हवा १४६ अंशांवर बाहेर पडते. बिंदू मॅपच्या उजव्या कडेला जाऊन कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली तर १६९. बूस्टच्या काट्यावर दोन्हीकडे १.१ बारच दिसणार! पण दुसऱ्या गाडीत इंजिन टकटक करायला लागेल, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे ओढेल आणि ताकद गायब. तुमची ती तिसऱ्या लॅपची मरगळ निम्मी इथली आहे, निम्मी इंटरकूलरची.

हायब्रीडला माझा विरोध नाही, पण छोट्या टर्बाइनच्या घरात मोठं कंप्रेसर चाक घातलं की हवा आत जास्त येते आणि धूर बाहेर जायची वाट तेवढीच राहते. मागे दाब साठतो, सिलिंडरमध्ये गरम वायू उरतो. शहरात चालेल, ट्रॅकवर सलग वीस मिनिटं नाही.

जीटी१४४६ मध्ये १४ म्हणजे टर्बाइनची फ्रेम आणि ४६ म्हणजे कंप्रेसर चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तुमच्या हिशेबाला तो अंगावर बेतल्यासारखा बसतो. युरोपातल्या अबार्थ ग्रांदे पुंटोच्या एसेएसे नावाच्या किटमध्ये हाच टर्बो लावून कंपनी १८० पीएस देत होती.

जीटी२८६० बद्दल दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, आत्ता शिफ्ट संपतेय.

शेवटचा_लॅप

ताई, इतकं सोपं करून कोणीच सांगितलं नव्हतं. टॉर्क टिकवायचं, वाढवायचं नाही, हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहिणार आहे.

धावपट्टी

थोडा वेगळा सूर लावतो. मी जीटी२८६०च्या बाजूने आहे. माझी गाडी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ पळते आणि तिथे मोठ्या टर्बोने जे दिलं ते छोट्याने कधीच दिलं नसतं. खाली काही नसतं हे मान्य, पण साडेचार हजारांनंतर जो धक्का बसतो तो अनुभवावा. शिवाय बॉल बेअरिंग आहे, टिकतो. आज १७५ पुरे वाटतात, वर्षभराने २३० हवे होणार आणि तेव्हा दुसऱ्यांदा खर्च. मोठं घर घेतलं की भाड्याच्या खोल्या बदलाव्या लागत नाहीत.

आयएस_अडतीस

धावपट्टी भाऊ, तुमच्या वापराला तुमचं बरोबर आहे. पण वळणाच्या ट्रॅकवर मी हीच चूक पैसे मोजून केली आहे, ती सांगतो.

माझी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय. मूळचा छोटा आयएस१२ टर्बो काढला आणि थेट मोठा आयएस३८ लावला, जो गोल्फ आर सारख्या तीनशे पीएसच्या गाडीत येतो. डायनोचा कागद फ्रेम करण्यासारखा आला. मग कारीला गेलो. कारी २.१ किलोमीटरचा, वळणं जवळजवळ, सरळ पट्टे आखूड. वळणाच्या पोटातून अॅक्सिलरेटर दाबला की काही नाही, काही नाही, आणि स्टिअरिंग अजून वळलेलंच असताना एकदम सगळं. पुढचं आतलं चाक जागच्या जागी फिरतं, गाडी सरळ बाहेरच्या गवताकडे. मग मी उजवा पाय आधीच दाबायला शिकलो, टर्बो जागा होईल तेव्हा गाडी सरळ झालेली असेल असा अंदाज बांधून. दोन लॅप जमतं. तिसऱ्या लॅपला टायर तापतात, अंदाज चुकतो.

सहा महिन्यांनी मधल्या आकाराचा आयएस२० लावला. ताकद पन्नासेक पीएसने कमी झाली आणि लॅप टाइम सुधारला. अॅक्सिलरेटर आणि चाक यांच्यात जे नातं लागतं ते परत आलं. अर्धा दाबला की अर्धं मिळतं. माझं सांगणं एवढंच, की व्हिडिओत ज्या फेऱ्यांना तुमचा पाय खाली जातो, त्याच्या थोडं आधी टर्बो जागा असला पाहिजे. तुमच्या बाबतीत ३२००.

डायनोवाली

+१. हेच लिहायचं होतं, फक्त आकड्यांत लिहिते. १.४ लिटरच्या इंजिनातून ३२०० फेऱ्यांना निघणारा धूर २८ च्या फ्रेमची टर्बाइन फिरवायला पुरत नाही. ती खरी जागी होईपर्यंत तुम्ही साडेचार हजारांच्या पुढे असाल. सहा-सव्वासहाला गिअर बदलणार. म्हणजे वापरायला उरले सतराशे फेरे. पाच गिअरच्या गिअरबॉक्सला खालच्या गिअरमधलं अंतर त्यापेक्षा जास्त पडतं, म्हणजे तिथे गिअर बदलला की परत खड्ड्यात. अगदी छोटं एक्झॉस्ट घर लावून त्याला लवकर फिरवलंत तर कंप्रेसर कमी हवेवर जास्त दाब देऊ पाहतो आणि सर्जच्या (हवा उलटी फिरण्याच्या) रेषेपलीकडे जातो. पाय अर्धा असताना फडफड फडफड ऐकू येते ना, ती. बेअरिंगचं आयुष्य तिथेच संपतं, मग ते बॉल असो की साधं.

वर्षभराने २३० हवे झाले तर त्या आधी पिस्टन आणि रॉड लागतील, गिअरबॉक्स लागेल. टर्बो त्या यादीत शेवटचा.

धावपट्टी

पटलं. माझी गाडी फक्त चौथ्या गिअरमध्ये सरळ पळते, म्हणून मला तो खड्डा कधी दिसला नाही. मागे घेतो.

जुने_फियाट_काका

पोरांनो, गणित छान चाललंय. मी चाळीस वर्षं फियाटच्या इंजिनांत हात घातलेत, तेव्हा तेल आणि उष्णतेचं माझ्याकडून ऐका.

जुना टर्बो का मेला, हे कोणी विचारलंच नाही. ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका, तो पण मरेल. १३४ अंश तेल म्हणजे बेअरिंगमधला तेलाचा थरच पातळ झाला. त्याहून वाईट काय होतं, सेशन संपला की तुम्ही पॅडॉकमध्ये येऊन चावी फिरवता. टर्बाइन तेव्हा लाल असते. तेल थांबलं, जागच्या जागी जळलं, कोळसा झाला. बाबा, तेलाच्या नळीचा बँजो बोल्ट (तेल जाणारा पोकळ बोल्ट) काढ आणि उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून बघ.

लाल_लिनिया

काका, आत्ता खाली जाऊन पाहून आलो. टॉर्च लावून बघितलं. भोक दिसतंच नाहीये नीट, कडेने काळं कडक कवच आहे, मध्ये सुईएवढी वाट उरली आहे. पिनने खरवडलं तर काचेसारखे तुकडे पडले. हात थरथरले खरं सांगतो. इतके दिवस मी टर्बोला दोष देत होतो.

जुने_फियाट_काका

टर्बोचा दोष नव्हता, उपाशी मेला बिचारा. आता ऐक. नळी आणि बोल्ट नवे, धुऊन परत लावायचे नाहीत. परतीची नळी खाली सरळ उतार असलेली हवी, कुठेही पोट पडता कामा नये, नाहीतर तेल वर तुंबतं आणि सीलमधून निळा धूर. सील खराब नसतानाही लोक टर्बो बदलतात यासाठी. थर्मोस्टॅटवाला ऑइल कूलर लाव, साधा नको, पुण्यात डिसेंबरच्या सकाळी तेल लवकर तापतच नाही आणि पश्चात्ताप होतो. तेल पूर्ण सिंथेटिक, दर दोन ट्रॅक दिवसांनी बदल. आणि शेवटचा लॅप हळू मारायचा, बूस्ट न येऊ देता. मग पॅडॉकमध्ये दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. ओळखीचे हाक मारतील, उतरायचं नाही.

भोसरीचा_लेथ

काकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मॅनिफोल्डबद्दल माझी भर. पातळ स्टेनलेस पाइपचा देखणा मॅनिफोल्ड बनवून देणारे खूप आहेत, पण टर्बोचं सगळं वजन त्याच्यावर लटकतं आणि तो लालबुंद असतो. माझ्याकडे महिन्याला एक तरी तडकलेला येतो, तडा नेहमी जोडाच्या कडेला, वेल्डच्या अगदी शेजारी. ट्रॅकला बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड बरा. दिसायला गबाळा, पण उष्णता धरून ठेवतो आणि सहसा तडकत नाही. जीटी१४४६ मागवण्याआधी फ्लँज (जोडणीची पट्टी), डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी), तेल-पाण्याच्या नळ्या यांची मापं घ्या. इंजिनाचं हेड तेच असलं तरी डाव्या-उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत आणि वेगळ्या बॉनेटखाली जागा तीच असेल असं नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून माझ्याकडे आणा, फ्लँज करून देतो.

कमी_बजेट

एक शंका. तोच जीटी१४४६ ऑनलाइन एक पंचमांश किमतीत दिसतोय. फोटो अगदी तसाच. घ्यावा का?

आयएस_अडतीस

नका घेऊ. माझ्या एका मित्राने घेतला होता. सात महिने नव्हे, सात सेशन चालला. चाकाचा तोल नीट नव्हता, शाफ्ट तुटला आणि पात्याचे तुकडे थेट इंटरकूलरमध्ये. नशीब इंजिनात गेले नाहीत. विकणाऱ्याने हात वर केले. दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या गोष्टीत सूक्ष्म तोल हीच तर किंमत असते. खरा वापरलेला मिळाला तर चाकाच्या पात्यांच्या कडांवरून नख फिरवून बघा, कुठे खवला लागता कामा नये. शाफ्टला बाजूला अगदी किंचित हलणं चालतं, तेल भरलं की ते जातं. पुढे-मागे हलणं अजिबात नको.

डायनोवाली

आणि पुण्यात तर गॅरेटचं उत्पादनच होतं, शहराजवळ कारखाना आहे. तो कार कंपन्यांसाठी असला तरी अधिकृत वितरकाकडून अनुक्रमांक तपासून घेणं इथे अवघड नाही. थोडं थांबा, पैसे साठवा.

इंधनाचं राहिलं होतं. १७५ पीएसला प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला साधारण ३३० सीसीचा लागतो, ८५ टक्के उघडा धरून. ई२० मध्ये उष्णता कमी असते, म्हणून आणखी सहा-सात टक्के. साडेतीनशेच्या वरचे घ्या. २०११ च्या गाडीच्या रबरी नळ्या इतक्या इथेनॉलसाठी बनलेल्या नाहीत, त्या सगळ्या बदला, त्यात काटकसर नको. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) तीन बारचा लावा, कारण मूळ सेन्सरच्या पट्टीपलीकडे ईसीयूला दिसणं बंद होतं.

ट्यूनिंग कोणत्या पेट्रोलवर? पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून मिळतं, तेव्हाच ते लिटरला १६० रुपये होतं. त्यावर ट्यून केलं तर आकडा सुंदर येईल. पण तुम्हाला कोइम्बतूरला साधं घालावं लागलंय. म्हणून जे सर्वांत वाईट पेट्रोल टाकीत पडू शकतं त्यावर ट्यून करा. मधल्या फेऱ्यांना बूस्ट ०.८५ च्या आसपास धरा, ५००० नंतर हळूहळू १.१ पर्यंत चढवा. टर्बो मधे जास्त द्यायला तयार असेल, तरी देऊ नका. गिअरबॉक्स वाचतो तो तिथे.

शेवटचा_लॅप

माझी पुंटो रस्त्यावरही चालते. आरटीओला कळवून टर्बो बदलता येतो का?

भोसरीचा_लेथ

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. विम्याचा प्रश्न वेगळाच. रस्त्यावरची गाडी मूळ ठेवा आणि ट्रॅकची गाडी फ्लॅटबेडवर न्या, लाल_लिनिया नेतात तशी. घाटात तपासून बघू हा विचार तर मनातही आणू नका. समोरून कोणाचं तरी कुटुंब येत असतं.

लाल_लिनिया

पाच महिन्यांनी आलोय, पण निकाल घेऊन आलोय.

जीटी१४४६ घेतला, नवा, अधिकृत. त्यामुळे बजेट पावणेदोन लाखांवर गेलं. गणपतीनंतर काम सुरू केलं. मॅनिफोल्ड बिडाचा, फ्लँज भोसरीच्या दादांनी केली, त्याचे पैसे घ्यायला तयार नव्हते, बळंच दिले. ऑइल कूलर थर्मोस्टॅटसह, इंटरकूलर समोर मोठा, तेलाच्या दोन्ही नळ्या नव्या, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, इंजेक्टर ३८० सीसीचे. ताईंनी सुट्टीच्या दिवशी येऊन डायनोवर चार तास उभं राहून ट्यूनिंग पाहिलं. साध्या ई२० वर चाकांवर १४८ पीएस, इंजिनाचं टॉर्क मधे २२५ वर मुद्दाम थांबवलं. टॉर्कचा आलेख टेबलासारखा सपाट, साडेपाच हजारांपर्यंत. ट्यूनर म्हणत होता की २६० सहज काढून देतो. ताईंनी नुसती मान हलवली.

दिवाळीनंतर कारीला गेलो. त्या वळणातून ३२०० ला बाहेर आलो, पाय ठेवला, आणि बूस्ट आधीच तिथे होता. मूळ टर्बोपेक्षा किंचित उशिरा जागा होतो, पण माझ्या पायाच्या आधी. मग काटा पाच हजारांच्या पुढे तसाच चढत राहिला. इतकी वर्षं जिथे गिअर बदलायचो तिथे हात आपोआप गिअरवर गेला आणि मी तो परत स्टिअरिंगवर आणला. पहिले दोन लॅप तर मी फक्त हेच करत होतो.

सर्वोत्तम लॅप १.९ सेकंदांनी कमी झाला. मला त्याहून जास्त आनंद याचा की सातवा लॅप दुसऱ्या लॅपच्या तीन दशांश सेकंदांत आला. इनटेक ६१ च्या वर गेलं नाही, तेल ११८. शेवटचा लॅप हळू मारला, पॅडॉकमध्ये तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसलो. वडील सोबत आले होते, दार उघडून म्हणाले, उतर की. म्हटलं, काकांनी सांगितलंय, अजून एक मिनिट. ते शेजारी उभे राहून आवाज ऐकत राहिले.

घरी येऊन बँजो बोल्ट काढून पाहिला, स्वच्छ आहे. फक्त एक अडचण. मॅनिफोल्डचे चारपैकी दोन नट प्रत्येक सेशननंतर पाव फेरा सैल होतात. परत आवळतो, परत सैल. स्टड लांब घ्यावेत की लॉकवाले नट लावावेत?

भोसरीचा_लेथ

दोन्ही. बिडाचा मॅनिफोल्ड तापला की फुगतो, आखूड स्टड ताणायला जागाच नसते. लांब स्टड, खाली जाड स्लीव्ह, वर तांब्याचा मुलामा दिलेले लॉकनट. साधे नायलॉनवाले लावू नका, वितळतील. आणि फ्लँज सरळ राहिली आहे का ते पट्टी ठेवून बघा, पहिल्या दोन-तीन तापण्यांत ती वाकते, एकदा घासून सपाट केली की मग बसते. रविवारी सकाळी मॅनिफोल्ड सोडवून घेऊन या, मशीन रिकामं ठेवतो.

जुने_फियाट_काका

रविवारी मीपण येतो. आवाज ऐकायचाय.